दंड, कैद आणि ऐपत
(जासई येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढताना १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी ज्या परिसरात पाच जण हुतात्मे झाले, तेथे खटला आणि जामीन हे शब्द मी समजावून सांगणे अनाठायी होईल. परंतु न्यायालयाने केलेला दंड भरला नाही तर पुढे काय, याविषयी आपल्यातही एक भाबडी समजूत आहे : ‘थोडे दिवस आत बसू, हिशेब मिटला.’ हिशेब इतका सरळ नाही.

दंड न भरल्याबद्दलची कैद ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, दंड बुडविल्याचा तो परिणाम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने शांतिलाल खटल्यात २००७ साली म्हटले. म्हणून ती मूळ शिक्षेत मुरत नाही. वेगळी भोगावी लागते. शिवाय दंड सहा वर्षांपर्यंत वसूल करता येतो : जंगम मालमत्ता जप्त करून, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे. दंडित मेला तरी मालमत्ता सुटत नाही. पूर्ण कैद भोगलेल्यावर मात्र विशेष कारणे लेखी नोंदविल्याशिवाय वसुलीचे वॉरंट निघू नये. दंडातून कोणास नुकसानभरपाई द्यावयाची असेल तर गोष्ट निराळी.

आता अर्थशास्त्राच्या जुन्या शिक्षकाला थोडा हिशेब करू द्या. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची किंवा समाजसेवेची शिक्षा आहे, तेथे भारतीय न्याय संहितेच्या आठव्या कलमानुसार ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडापोटी दोन महिन्यांपर्यंत साधी कैद देता येते. पुरते ५,००० आणि पुरते दोन महिने धरले, तर एका दिवसाच्या स्वातंत्र्याची किंमत सुमारे ८३ रुपये पडते. दंड लहान असेल तर त्याहूनही कमी! इतक्या मजुरीवर उरणच्या बाजारात हमालही उभा राहणार नाही. बंगलेवाला तेच ५,००० रुपये खिशातून काढून घरी जातो. फिनलंडने १९२१ पासून दंड उत्पन्नाशी जोडला. आपल्याकडे तो विचारही रुजलेला नाही.

विसंगती आणखी खोल आहे. बँकेचे देणे थकविणाऱ्यास केवळ गरिबीमुळे तुरुंगात टाकता येणार नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० साली बजावले. सावकाराच्या ऋणकोला मिळालेले हे संरक्षण सरकारच्या ऋणकोला तेवढ्या स्पष्टपणे मिळालेले नाही. २०२३ साली केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तीत २५,००० रुपयांपर्यंतचा दंड भरण्याची सोय आहे. पण तिचा लाभ आत गेलेल्यालाच.

म्हणून आत जाण्यापूर्वीचे पाहा. केवळ दंडाची शिक्षा झाली असेल, तर न्यायालय तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते. जातमुचलका मात्र लिहून द्यावा लागतो. आत गेल्यावरही पैसे भरता येतात. ४,००० रुपये दंड व साठ दिवस कैद असेल आणि ३,००० भरले, तर पंधरा दिवस भोगून माणूस सुटतो. पूर्ण भरले तर त्याच क्षणी. हप्त्यांचा अर्ज निकालाच्या दिवशीच, तिथल्या तिथे करावा. वकील बहुधा तोवर पुढच्या खटल्याकडे वळलेला असतो. त्याला हाक मारून थांबवणे हे सोबत आलेल्या कार्यकर्त्याचे काम.