मणिबेलीचा विद्यार्थी आणि प्रवेशपरीक्षांची निवड



नर्मदेच्या दक्षिण तीरावर, सरदार सरोवर धरणाच्या भिंतीपासून वरच्या अंगाला जाऊ लागले की महाराष्ट्राच्या हद्दीतील पहिले गाव लागते ते मणिबेली. अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला आणि ते त्यात गेले. धरणाच्या पाण्याखाली येणाऱ्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी हे एक. १९९३ साली पाणी मणिबेलीच्या घरांपर्यंत पोहोचले आणि पुढच्याच वर्षी जागतिक बँकेला उद्देशून निघालेल्या एका जाहीरनाम्याला या गावाचे नाव देण्यात आले. जगाला मणिबेली ठाऊक आहे ती अशी. येथे मात्र विचार करावयाचा आहे तो बारावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तेथील मुलामुलींचा.

नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली दिलेल्या निवाड्यानुसार विस्थापित कुटुंबांना गुजरातमध्ये अथवा आपल्या राज्यात पुनर्वसन घेण्याची मुभा मिळाली. मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेत परवेटा येथे गेली, तर काही मूळ डोंगरावरच राहिली. गाव एक, नाती तीच. पण एका भावाचा मुलगा एका राज्याच्या मंडळाची परीक्षा देतो आणि दुसऱ्याचा दुसऱ्या. शेतीच्या वाटणीत जे ध्यानात आले नाही ते महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी अचानक पुढे उभे राहते, ते असे की या दोन चुलत भावांना अभियांत्रिकीसाठी दोन निरनिराळ्या परीक्षा द्याव्या लागतात.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजेच एमएचटी-सीईटी, घेतली जाते. गुजरातमध्ये २००६ पासून गुजसेट ही परीक्षा आहे. ती गांधीनगरचे शिक्षण मंडळ घेते. तिचे माध्यम गुजराती, हिंदी वा इंग्रजी असते, मराठी नाही. दोन्ही राज्यांनी मधल्या काळात स्वतःच्या परीक्षेऐवजी अखिल भारतीय जेईई मेन स्वीकारून पाहिली. गुजरातने २०१३ ते २०१६ आणि महाराष्ट्राने २०१४ व २०१५ हा प्रयोग केला, आणि दोघेही आपापल्या परीक्षेकडे परतले. असा अनुभव दोन शेजारी राज्यांना पाठोपाठ यावा हे पुरेसे बोलके आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकांवर वाढलेल्या ग्रामीण मुलाला त्याच पुस्तकांवरची परीक्षा सोईची पडते.

वैद्यकीय शाखेत निवडीचा प्रश्नच उरलेला नाही. नीट ही परीक्षा प्रथम २०१३ साली झाली, त्याच वर्षी न्यायालयाच्या निर्णयाने थांबली आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली. एमबीबीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि पशुवैद्यक या सर्वांचा दरवाजा तोच. २०२० पासून खुद्द नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असल्याने जिल्ह्यातील मुलांना हा दरवाजा पूर्वीइतका दूर राहिलेला नाही.

आता परीक्षांच्या घडणीकडे पाहू गेल्यास फरक मोठा दिसतो. सीईटीमध्ये दोन गट असतात. पहिल्या गटात भौतिक, रसायन आणि गणित, तर दुसऱ्यात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. गुण २००, पैकी निम्मे गणिताला किंवा जीवशास्त्राला. प्रश्नांचा सुमारे पाचवा हिस्सा अकरावीवर आणि उरलेला बारावीवर बेतलेला असतो. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही. याउलट २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्नांना ७२० गुण होते. बरोबर उत्तराला ४ आणि चुकीसाठी १ गुण वजा. जेईई मेनमध्येही अशीच वजाबाकी असते. एकाच महिन्यात दोन्ही प्रकारच्या परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याने ही सवय बदलण्याचा सराव आधीच केला पाहिजे. सीईटीची बिनधास्त वृत्ती नीटच्या केंद्रात नेली तर ती महागात पडते.

सीईटी व जेईई मेन संगणकावर होतात, तर २०२५ ची नीट उत्तरपत्रिकेवर पेनाने वर्तुळे भरून झाली. ज्याच्या आश्रमशाळेत संगणकाला हात लावण्याची पाळी महिन्यातून एकदा येते त्याला माऊस चालविणे हाच पहिला धडा असतो. सराव चाचण्या संकेतस्थळावर विनामूल्य असतात. मणिबेलीत बसून त्या सोडविणे अवघड, पण अक्कलकुवा, तळोदा वा नंदुरबार येथे वसतिगृहात राहणाऱ्याला दोन-तीन बैठका तरी सहज शक्य आहेत.

भाषेचा मुद्दा थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. या खोऱ्यातील मुलाची घरची बोली एक, शाळेची भाषा मराठी आणि अकरावीत गेल्यावर शास्त्राचे पुस्तक बहुतेक ठिकाणी इंग्रजी. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात. सीईटीचे भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीत मिळतात, गणिताचे मात्र केवळ इंग्रजीत. मराठी मिळते म्हणून ती घ्यावी, असे सरसकट सांगता येत नाही. ज्याने दोन वर्षे ‘फोर्स’ आणि ‘व्हेलॉसिटी’ हेच शब्द वापरले, त्याला ऐन परीक्षेत ‘बल’ आणि ‘वेग’ परके वाटतात. आणि प्रश्न समजण्यात गेलेली मिनिटे परत येत नाहीत. शिवाय नीटच्या प्रादेशिक भाषेतील प्रश्नात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो. जुनी एक प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत सोडवून पाहावी आणि मग अर्जातील माध्यमाचा रकाना भरावा. जेईई मेननंतरची जेईई ॲडव्हान्स्ड, जिच्यावाचून मुंबईच्या आयआयटीत प्रवेश नाही, ती तर इंग्रजी आणि हिंदीतच असते.

मग किती परीक्षा द्याव्यात? प्रत्येकीचे शुल्क वेगळे, केंद्र वेगळे आणि प्रवासाचा खर्च वेगळा. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याने सीईटी द्यावीच. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय येथील बहुतांश जागा तिच्याच आधारे भरतात. नागपूरचे व्हीएनआयटी मनात असेल तर जेईई मेन. केवळ ‘मोठी परीक्षा’ म्हणून जेईईच्या मागे दोन वर्षे घालवून सीईटी हलकी समजणे, हा शहरी शिकवणी वर्गांनी पसरविलेला समज आहे आणि तो डोंगरातील मुलाला परवडणारा नाही. जीवशास्त्र घेतलेल्याने नीटबरोबर सीईटीचा दुसरा गटही द्यावा. नीटमध्ये गुण कमी पडले तरी औषधनिर्माण आणि धुळ्याच्या कृषी महाविद्यालयासारखे मार्ग त्यामुळे खुले राहतात.

वास्तविक पाहता खरी निवड बारावीत होतच नाही. अकरावीला प्रवेश घेताना गणित सोडले की अभियांत्रिकी जवळजवळ मिटली, जीवशास्त्र सोडले की वैद्यक मिटले. पंधरा-सोळा वर्षांचे मूल, बरोबर कोणी मार्गदर्शक नाही, आणि अर्जावर जो विषय लिपिकाने सुचविला तो मान्य. ज्यांना झेपेल त्यांनी दोन्ही विषय ठेवावेत.

निकाल हाती आल्यावर पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे पालकांनी समजून घ्यावे. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरांतील सुमारे नव्वद विद्यार्थी मागे आहेत. नव्वद गुण मिळाले असा नाही.

याहून अधिक दक्षता कागदपत्रांबाबत हवी. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी, काही अपवाद वगळता, दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आवश्यक असते. परवेट्याला दहावी करून काकांकडे अक्कलकुव्यात बारावीला येणाऱ्या मुलाची येथे अडचण होऊ शकते. भिल्ल समाजाचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश दोन्ही राज्यांत असला, तरी एका राज्यातील जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्याने आपोआप लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितले आहे. तेव्हा दाखला कोणत्या राज्याचा काढावयाचा, याची विचारपूस दहावीच्या आधी झाली पाहिजे. राज्यातील राखीव जागेसाठी जमातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही लागते. तपासणी समितीकडील प्रकरणास वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. तळोद्याचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, तसेच कनिष्ठ महाविद्यालय यांच्याकडे चौकशी करावी.

परीक्षा उन्हाळ्यात होतात. प्रवेशाच्या फेऱ्या, कागदपत्रांची तपासणी आणि मिळालेल्या महाविद्यालयात हजर होण्याची मुदत मात्र पावसाळ्यात येते. नेमक्या त्याच दिवसांत सातपुड्याचे रस्ते खचतात आणि होडीचा प्रवास जोखमीचा होतो. फेरीची यादी लागली आणि निरोप चार दिवसांनी पाड्यावर पोहोचला, तर जागा दुसऱ्याला जाते. म्हणून जूनपासून प्रवेश पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्याने मूळ कागदपत्रे आणि चालू दूरध्वनी क्रमांकासह तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी मुक्काम करावा. त्या वर्षी पेरणीला घरातील एक हात कमी पडणार, हे पालकांनी आधीच धरून चालावे.