मातीला गेलेली पिढी

(नायगाव येथील भाषणाचे शब्दांकन)



मराठवाड्यात अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात. ‘दुपारी चारला माती आहे’ एवढा निरोप पुरतो. कोणाला सरण, तर लिंगायत घरात बसल्या स्थितीत समाधी. विधी आटोपला की मंडळी झाडाखाली टेकतात आणि गेलेल्याचे वय काढू लागतात. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे. मग एक खूण सांगितली जाई, ‘रझाकाराच्या वेळेला गुरे राखायचा.’ ही खूण आता क्वचितच ऐकू येते. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचाऐंशी ओलांडून गेला आहे.

नायगाव पूर्वी बिलोली तालुक्यात होते. त्याच तालुक्यातील अर्जापूर येथे ऑक्टोबर १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. जवळच्या उमरीत बँकेवर धाड पडली ती ३० जानेवारी १९४८ रोजी. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, तोच हा दिवस. पुढे सप्टेंबरात अवघ्या पाच दिवसांच्या पोलिस कारवाईने निजामाची राजवट संपली.

स्वामी रामानंद तीर्थ १९७२ साली गेले, अनंत भालेराव १९९१ साली, गोविंदभाई श्रॉफ २००२ साली. या थोरांची चरित्रे ग्रंथबद्ध आहेत, नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे. चिंता त्यांची नाही. भूमिगतांना रात्री भाकरी करून घालणाऱ्या, पोरे कडेवर घेऊन हद्द ओलांडणाऱ्या बायकांची नोंद कोणत्या दप्तरात सापडेल? स्वातंत्र्यसैनिकाच्या मानधनाला तुरुंगवासाचा नाहीतर भूमिगत कामाचा पुरावा लागे. चुलीपुढच्या जागरणाचा पुरावा कोण देणार!

या पिढीजवळ भाषणात न बसणारे सत्यही होते. रझाकारांचे अत्याचार ती सांगे, तशीच कारवाईनंतर निरपराध मुसलमान कुटुंबांवर कोसळलेली आपत्तीही सांगे. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारले गेले, हे तिला माहीत होते. सतरा सप्टेंबरच्या ध्वजवंदनात एवढा सगळा गुंता मांडायला वेळ नसतो, हेही खरे.

आणखी एक गोष्ट त्यांच्याबरोबर जाते, ती म्हणजे अक्षरओळख. निजामी राज्याचा कारभार उर्दूत, जुने कागद मोडीत, सन फसली. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो, हा हिशेब आजोबा तोंडी करीत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागताच उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांच्या घरी असे वाचणारे वडीलधारे कालपरवापर्यंत ओसरीवर बसून होते, त्यांना तेव्हा त्यांची किंमत कळली असेल.

या तालुक्यात अजून काही आज्ज्या आहेत. कान मंद झालेत, बोलणे तुटक आहे. पण कोणत्या वाटेने घर सोडले, पेव कुठे बुजवले आणि परत आल्यावर दाराची चौकट जाग्यावर होती की नव्हती, हे त्यांना आठवते. दिवाळीला नातवंडे पुण्या-मुंबईहून येतील. सगळ्यांच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र असतेच. एवढे दोन-तीन प्रश्न विचारायला एक दुपार पुरे.