विकार, विवेक आणि विद्यार्थी-निधी

विद्यार्थी-निधीला देणगी देताना आपणांस प्रवृत्त कोण करतो, कळवळा की विवेक? स्कॉटिश तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम याने १७३९-४० च्या आपल्या प्रबंधात असे मांडले की, बुद्धी मार्ग दाखविते. पण केवळ तिच्या बळावर इच्छाशक्ती हालत नाही. कांटने १७८५ मध्ये उलट कर्तव्यबुद्धीने केलेल्या कृत्यालाच नैतिक मूल्य दिले. आम्हांस ह्यूम अधिक पटतो. निव्वळ तर्काने कोणी पदरचे शंभर रुपये काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही! परंतु सहानुभूती जवळच्यांकडेच अधिक धावते, हेही ह्यूमनेच नोंदविले आहे. पुतण्याचा अर्ज समोर आला म्हणजे त्याची प्रचीती येते. म्हणून देणगी कळवळ्याने द्यावी. अर्जांची छाननी मात्र यंदापासून नावे झाकून व्हावी, अशी आमची कार्यकारी मंडळास सूचना आहे.