बिडी, मशेरी आणि आईचा मेंदू
(आरोग्य केंद्रावरील जोडप्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कुटुंब नियोजनाच्या मेळाव्यात तंबाखूचं काय काम, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. काम आहे. नियोजन म्हणजे नुसती मुलं मोजणं नव्हे. पुढचं मूल कधी हवं हे ठरवायचं, आणि ते पोटात यायच्या आधी आईची तब्येत नीट करायची, हेही नियोजनच.

आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या बायका थोड्या. पण मशेरी? तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासायची. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात १०० बायकांमागे सुमारे १७ जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. बिडी असो, मशेरी असो की चुना लावून खाल्लेली तंबाखू असो, आत जाणारं विष एकच. त्याचं नाव निकोटिन.

बिडीचा झुरका घेतला की हे निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. मशेरीचं हिरड्यांतून रक्तात उतरतं, जरा सावकाश, पण पोचतं तिथंच. मेंदूत सुखाची एक जागा आहे. भुकेल्या पोटी भाकरी मिळाली की ती जागी होते. आपलं बाळ हसलं की आईच्या मेंदूत तीच जागा जागी होते. निकोटिन नेमकं तिथं जाऊन बसतं. रोज घेतलं की मेंदूला त्याची सवय लागते, आणि मिळालं नाही की चिडचिड होते, डोकं उठतं, कामात लक्ष लागत नाही, झोप लागत नाही. यालाच आपण तलफ म्हणतो.

आता बाळंतिणीचं बघा. गरोदरपणात बाईचं नुसतं पोट वाढत नाही, तिचा मेंदूही बदलतो. बाळाचं रडणं ऐकू यावं, त्याची भूक ओळखता यावी, यासाठी तो तयार होत असतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आयांना बाळांचे चेहरे दाखवले, रडणं ऐकवलं आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं काम यंत्रावर पाहिलं. तंबाखू किंवा दुसरं व्यसन असलेल्या आयांचा मेंदू इतर आयांपेक्षा कमी जागा झालेला दिसला. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. एवढ्यावरून कोणी आपल्या घरच्या बाईला बोल लावू नये. तिची माया कमी असते असा याचा अर्थ नाही. पण बाळ रडतंय आणि त्याच वेळी डोक्यात तलफ उठलीय, अशी ओढाताण त्या माउलीची होते, एवढं समजून घ्या.

पोटातल्या बाळाचं नुकसान तर आणखी मोठं. निकोटिन वारेतून बाळापर्यंत जातं. बिडीच्या धुरातला विषारी वायू रक्तातला प्राणवायू कमी करतो. बाळ दिवसांआधी जन्मतं, वजनाला कमी भरतं, कधी कधी मृत जन्मतं. धुराशिवायची तंबाखू म्हणजे मशेरी वगैरे घेणाऱ्या मुंबईतल्या गरोदर बायकांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती. आधीच अशक्त बाळाला १०० ग्रॅम म्हणजे थोडं नव्हे.

दादा लोकांनो, आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही घरात बिडी ओढता, धूर गरोदर बायकोच्या आणि पाळण्यातल्या पोराच्या छातीत जातो. आणि तुमची तंबाखूची पुडी डोळ्यांसमोर असताना तिनं मशेरी सोडावी कशी? सोडायची तर दोघांनी मिळून सोडा.

कधी सोडायची? दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा असं आम्ही सांगतो. ते अंतर हीच सोडायची वेळ. तांबी बसवा, अंतरा इंजेक्शन घ्या, छाया गोळी घ्या, निरोध वापरा. जे मानवेल ते डॉक्टरांना विचारून घ्या. दिवस गेले असतील तरी उशीर झाला म्हणून बसू नका. ज्या दिवशी सोडाल त्या दिवसापासून फायदाच आहे.

एक गोष्ट लपवू नका. वय ३५ च्या पुढे आणि बिडी-सिगारेट ओढण्याची सवय असेल, तर माला-एनसारखी गोळी घेऊ नये. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. नर्सबाईंना खरं सांगा, त्या दुसरं साधन देतील. कुटुंब पुरं झालं असेल तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदीही सोपी आहे.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस जड जातात. तीन-चार आठवड्यांत तलफ बरीच उतरते. मशेरीची डबी घरातून काढा, दात साध्या पेस्टनं घासा. तलफ आली की पाणी प्या, बडीशेप चघळा, हाताला काम लावा. दहा मिनिटं काढलीत की ती लाट ओसरते. अंगावर पाजत असाल आणि तंबाखू अजून सुटली नसेल, तरी दूध तोडू नका. बाळाला आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही. मात्र तंबाखू सोडण्याचा प्रयत्न चालू ठेवा. आशाताईंना विचारा किंवा १८००-११२-३५६ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.

सासूबाईंनाही विनंती आहे. बाळंतिणीच्या हातात मशेरी देऊ नका, तिला चार घास जास्त द्या.

आज घरी गेल्यावर नवरा-बायकोनं दोन गोष्टी ठरवा: पुढचं मूल कधी, आणि तंबाखू कोणत्या तारखेपासून बंद. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लहान कुटुंब, निर्व्यसनी घर, सुखी संसार!