दाण्यातला पहारेकरी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कऱ्हाड, वाळवा, पलूस या भागात ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची मळणी होते. पोती घरात आली की काही जणांच्या मनात विचार येतो, पेंड एवढी महाग झाली आहे, तर घरचेच दाणे भरडून कोंबड्यांना का घालू नयेत? सोयाबीनमध्ये जवळजवळ 40 टक्के प्रथिने असतात, तेव्हा हिशेब चुकीचा वाटत नाही. पण पोटभर कच्चा भरडा खाऊनही पिल्ले खुरटीच राहतात.

हे कोडे जुने आहे. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत आणि शिजवलेल्यावर वाढतात, हे अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी 1917 साली दाखवले. त्यामागचे एक मोठे कारण मोझेस कुनिट्झ यांनी 1940च्या दशकात दाण्यातून स्फटिकरूपात वेगळे काढले. तेही एक प्रथिनच निघाले! स्वादुपिंडातून आतड्यात येणारे ट्रिप्सिन हे विकर म्हणजे अन्नातील प्रथिने कातरणारी कात्री. दाण्यातले हे प्रथिन त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन घट्ट बसते. मग बिचारे स्वादुपिंड आणखी कात्र्या पुरवत राहते आणि स्वतःच फुगते. या प्रथिनाला प्रोटिएज रोधक म्हणतात. आपण नुसते रोधक म्हणू.

साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा घ्या. त्यातही रोधक असतो आणि शिवाय लेक्टिन नावाचे दुसरे त्रासदायक प्रथिन असते. अर्धवट शिजलेल्या घेवड्याने उलट्या होतात त्या मुख्यतः या लेक्टिनमुळे. म्हणून घेवडा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकावे आणि नव्या पाण्यात खळखळून उकळावा. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणे उपयोगाचे नाही. आपल्या घरांत हे कुणी न शिकवता चालत आले आहे.

प्रयोगशाळेत रोधक वेगळा कसा काढतात? बी दळायचे, तेल काढून टाकायचे, पीठ पाण्यात कालवून गाळायचे. त्या गाळात अमोनियम सल्फेट टाकत गेले की एकेक प्रथिन साक्यासारखे खाली बसते. पुढची युक्ती मला फार आवडते. बारीक मण्यांवर ट्रिप्सिनच चिकटवून ते नळीत भरतात आणि वरून द्रावण सोडतात. बाकी सारे वाहून जाते, रोधक तेवढा आमिषाला अडकतो. मग आम्लाने त्याला सोडवून घेतात.

तो ओळखण्याची एक स्वस्त पद्धत आपल्या महाराष्ट्रातच निघाली. मराठवाडा विद्यापीठात डॉ. मानवेंद्र काचोळे आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1994 साली त्यासाठी एक्स-रे फिल्म वापरली. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि ट्रिप्सिन तो खाऊन टाकते. जिथे रोधक आहे तिथे थर शिल्लक राहतो, म्हणजे पट्टा डोळ्यांनी दिसतो. शेजारच्या दवाखान्यात मिळणाऱ्या वस्तूने एवढे काम होते!

आता शेताकडे वळू. माण, खटाव, जत इथल्या कोरडवाहू रानात रब्बीला हरभरा असतो, आणि घाट्यात तोंड खुपसून बसलेली घाटे अळी तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हरभऱ्याच्या दाण्यातही रोधक आहेच. मग अळी उपाशी का मरत नाही? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अशोक गिरी, प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता आदींनी 1998 साली याचे उत्तर दिले. अळीच्या आतड्यातली विकरे हरभऱ्याचा रोधकच पचवून टाकतात. पहारेकऱ्यालाच खाऊन चोर आत शिरतो, असे म्हणा ना.

याच प्रयोगशाळेने पुढच्या वर्षी, अळी सहसा ज्यांवर जगत नाही अशा पिकांचे रोधक तपासले. भुईमूग, बटाटा आणि चौधारी घेवडा. अळीची वाढ खुंटली. पण अळीही हुशार. एकच रोधक सतत मिळाला की ती वेगळी, त्याला दाद न देणारी विकरे तयार करू लागते. त्यामुळे वेगवेगळे रोधक आलटूनपालटून वापरावे लागतील, असा या संशोधकांचा निष्कर्ष होता.

चवळीच्या रोधकाचे जनुक तंबाखूत घालण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये डरहॅमला 1987 सालीच झाला होता. आपल्याकडे 2002 साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसातले प्रथिन मात्र मातीतल्या जिवाणूचे आहे. ते कात्री अडवत नाही, अळीच्या आतड्यालाच भोके पाडते.