पोराच्या शिक्षणाचाही उत्पादन खर्च काढा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



एक क्विंटल कापूस पिकवायला काय खर्च येतो, हे आता आपल्याला कुणी शिकवायला नको. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, गाडीभाडे, सगळे तोंडपाठ आहे. ज्वारीचेही तसेच. पण पोराच्या शिक्षणावर किती गेले आणि त्यातून हाती काय येणार, असे विचारले की आपण गप्प. शाळाही गप्प. 'शिक, मोठा हो' म्हणून मोकळे होतात. किती आणि काय शिकले म्हणजे किती मजुरी मिळते, हे दहावीच्या पोराला कुणी सांगत नाही. 2016 साली राज्यात दहावीची कल चाचणी सुरू झाली होती. तिच्यातून पोराचा कल कळायचा, बाजाराचा भाव नाही.

हा भाव पाहायचा तर लांब जायला नको. सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी पाहा. टॉवेल आणि चादरीच्या यंत्रमागांची ही वसाहत. कापूस सूत होऊन तिथे येतो आणि पाऊस दगा देऊन गेला की आपली पोरेही तिथेच जातात. कापसाचा भाव दुसराच कुणी ठरवतो, तशी पोराची मजुरीही फाटकावर ठरते.

तिथे पैसे कशाचे मिळतात? मागावरच्या कामगाराला पीस रेटने, म्हणजे विणलेल्या मालावर. शेजारशेजारच्या मागांवर एक सातवी नापास आणि एक बी.ए. उभे असले तर दर दोघांना एकच. तिथे प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. पण माग बंद पडला की जॉबरला हाक जाते, आणि त्याची किंमत वेगळी असते. बिनधोट्याच्या नव्या मागांवर इलेक्ट्रॉनिक पाट्या आहेत. त्या समजणारा माणूस आणखी महाग. म्हणजे शिक्षणाला भाव नाही असे कुणी समजू नये. ज्या शिक्षणाने थांबलेला माग चालू होतो, त्याला भाव आहे.

आता हिशेब मांडू. आकडे मानलेले आहेत, तुम्ही आपले घाला. दहावी झालेला मुलगा दोन वर्षांच्या फिटर किंवा इलेक्ट्रिशियनच्या आयटीआयला गेला. फी, बस, वह्या, हत्यारे मिळून 30 हजार धरू. पण खरा खर्च वेगळाच आहे. तो कामाला गेला असता तर महिना 10 हजार मिळाले असते. दोन वर्षांचे 2 लाख 40 हजार बुडाले. एकूण 2 लाख 70 हजार. शिकून त्याला महिन्याला 5 हजार जास्त मिळाले, तर साडेचार वर्षांत सगळे वसूल, पुढचा नफा. आणि शिकूनही तोच पीस रेट घेत बसला, तर कधीच वसूल नाही. अर्थात, कोरडवाहू गावात बारमाही काम असते कुठे? बुडालेली मजुरी आपण धरतो त्याहून कमीच निघेल. हे गणित पोराने स्वतः वहीत करावे.

असे सांगून उपयोग होतो का? डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या देशात रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने ते करून पाहिले आणि 2010 मध्ये छापले. आठवीच्या मुलांना शिकलेल्यांची मजुरी खरी होती त्यापेक्षा फार कमी वाटत होती. खरा आकडा सांगितल्यावर ती मुले पुढच्या चार वर्षांत इतरांपेक्षा सरासरी 0.20 ते 0.35 वर्ष जास्त शिकली. मात्र सर्वांत गरीब घरांत फारसा फरक पडला नाही. कारण आपल्याला सांगायला नको. अक्कल आली तरी खिशात पैसा लागतो.

मुलींचा हिशेब तर आपण मांडतच नाही; परक्याचे धन म्हणून खातेच बंद करतो. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींना राज्यात व्यावसायिक पदवीची फी माफ झाली. पण बस, खोली आणि खानावळ माफ नाही. तो आकडा आधी काढा. नाहीतर मुलगी दुसऱ्या वर्षी घरी परत येईल.

आणखी एक. नोकरी कायमची, ही समजूतही पोरांच्या डोक्यातून काढा. सोलापुरात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी बंद पडल्या. बाप गिरणीत म्हणून पोरगा गिरणीत, हा हिशेब तिथेच संपला.

म्हणून प्रत्येक गावाने आपल्या शाळेकडे तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, नववी-दहावीच्या मुला-मुलींना वर्षातून एकदा एमआयडीसीत न्यावे. मालकाबरोबर कामगाराशी आणि जॉबरशीही बोलू द्यावे. दुसरी, पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवावी. पीस रेट असला तरी किमान वेतन सुटत नाही. 20 कामगार असले की प्रॉव्हिडंट फंड, 10 असले की ईएसआय लागू होतो, तो कापला आणि भरला जातो का, हे विचारायला शिकवावे. तिसरी, बाहेर पडायचे दार कुठे आहे, हेही विचारायला शिकवावे. 18 मे 2025 रोजी याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जीव गेले. मजुरीच्या हिशेबात जीवही धरायचा असतो.

पोराला शेतीतून बाहेर काढा, असे आमचे म्हणणे नाही. शेतीत राहायचे की फाटकावर जायचे, ते त्याचे त्याने ठरवावे. पण आपण आडतीवर भाव न विचारता माल टाकला आणि फसलो, तसा पोरगा तरी फाटकावर टाकू नका. आज घरी गेल्यावर दिव्याखाली वही उघडा आणि पोराला, पोरीला शेजारी घेऊन पहिला आकडा लिहा.