वर्गणी एकदाची नव्हे, दरसालची



जीर्णोद्धाराला गावाने सढळ हाताने वर्गणी दिली. देऊळ उभे राहिले की मोठा खर्च सरतो. दिव्यांग बालकांच्या केंद्राचा हिशेब निराळा आहे.

मुंबईस कुलाब्याला २ ऑक्टोबर १९७२ रोजी मिठू अलूर यांनी अवघ्या तीन मुलांवर असे केंद्र सुरू केले. त्यांच्या मालिनीला सेरेब्रल पाल्सी होती. बुद्धी तल्लख, पण हातपाय व वाचा साथ देईनात. अभिनेत्री नर्गिस दत्त केंद्राच्या पहिल्या आश्रयदात्या झाल्या. मालिनीने पुढे लंडनला दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले!

२०१६ च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो ६ ते १८ वर्षांच्या मुलांना. मेंदू झपाट्याने वाढतो तो मात्र सहाच्या आत. त्या वयात व्यायाम करवून घेणारी, बोलते करणारी जाणती माणसे लागतात, अन् त्यांना दरमहा पगार.

परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातली आई मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन एस.टी.ने किती खेपा करणार? केंद्र तालुक्याला हवे. वर्गणीही एकरकमी नको. कापूस, सोयाबीन विकले की दरसाल ठरलेली पावती फाडावी.